सावरलेली रेघ

"याला कोपरेच नाहीत," ऋजुता म्हणाली.

पलीकडच्या टेबलावर काम करणाऱ्या अभिरामने मान वर केली नाही. "कशाला?"

"स्क्रीनला. म्हणजे स्क्रीनला आहेत, पण कोपऱ्यांत काहीच ठेवलेलं नाही. घड्याळ नाही, बंद करायची फुली नाही, खालची पट्टी नाही. सगळं पुसून टाकलंय."

"मग तू काय बघत बसलीयेस इतका वेळ?"

"निळा रंग," ऋजुता म्हणाली.

ऋजुता टिपणीस संगणकप्रणालींची परीक्षणं लिहायची. माणसं यंत्रांशी बोलून कामं करून घ्यायला लागली त्याला आता बरीच वर्षं झाली होती, आणि टेबलावरचा संगणक संपला असं दर वर्षी कोणी ना कोणी जाहीर करायचं. पण जमिनींचे नकाशे काढणारे, पुस्तकांची पानं लावणारे, ताळेबंद तपासणारे लोक अजून माऊस हातात धरूनच बसत होते. तोंडाने सांगून होत नाहीत अशी कामं जगात पुष्कळ असतात. ऋजुता अशा लोकांसाठी लिहायची. नवी प्रणाली बाजारात येण्याआधी तिची कच्ची आवृत्ती वापरून बघायची आणि तिच्यासोबत राहायला कसं वाटतं ते सांगायचं. सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून ती हे काम करायची आणि तिचा शब्द कंपन्या मानत.

वितान ५ या नव्या प्रणालीची चाचणी आवृत्ती तिच्याकडे आली ती एका अटीवर. एकाच घरातल्या, वेगवेगळी कामं करणाऱ्या दोघांनी ती वापरायची. ऋजुताने अभिरामला गळ घातली. त्याने बरेच आढेवेढे घेतले. तो देवनागरीचे फॉन्ट बनवायचा आणि सध्या पहिलीच्या वाचनपुस्तकांसाठी नवी अक्षरं काढत होता. त्याच्या हत्यारांची जागा बदललेली त्याला खपत नसे.

"घर फुकट रंगवून देतो म्हणाले तरी मी आधी विचारीन, खुंट्या जागेवर राहणार का," तो म्हणाला. पण शेवटी त्याने संगणक तिच्या हवाली केला.

पहिल्या आठवड्यात ऋजुताने टिपणं काढली. खिडक्यांच्या कडा इतक्या मऊ केल्यात की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. मेनू ठरलेल्या जागी नसतात. तुम्ही बाण हलवायला लागलात की तुमच्या वाटेवर उमटतात, एखाद्या घरी पाणी मागायच्या आधी तांब्या पुढे यावा तसे. हे आवडतं आणि थोडं अंगावरही येतं. जुना पसारा गेल्याने स्क्रीन देखणा दिसतो, पण आपण परक्या घरी पाहुणे आहोत असं वाटत राहतं. शेवटचं वाक्य तिला आवडलं. तिने त्याखाली रेघ ओढली.

अभिरामचं मत मात्र अगदी वेगळं पडलं.

"मस्त आहे," तो चौथ्या की पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. संगणकाबद्दल त्याच्या तोंडून हा शब्द ऋजुताने पहिल्यांदाच ऐकला. "हात दुखत नाही. मधे मधे मला अक्षराच्या कडेवरचा बिंदू पकडताना फार त्रास व्हायचा, दोन-तीनदा निसटायचा. आता एका झटक्यात पकडतो. चष्म्याचा नंबर वाढला असं मी समजत होतो."

"सावरण म्हणतात त्याला," ऋजुताने सांगितलं. "तेच तर त्यांचं मोठं प्रकरण आहे."

सावरणामागचं विज्ञान तसं साधं होतं. आपण माऊस हलवून एखाद्या बटणाकडे जातो तेव्हा हात सरळ जात नाही. तो आधी जोरात झेप घेतो, लक्ष्याजवळ आला की वेग कमी करतो आणि शेवटी बारीकबारीक दुरुस्त्या करत टेकतो. या दुरुस्त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण सेकंदाला हजार वेळा मोजणाऱ्या यंत्राला त्या स्वच्छ दिसतात. कळ दाबल्यावर बोट किती वेळात उचललं जातं, एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जाताना किती रेंगाळतं, डिजिटल पेनाचा दाब कुठे ढळतो, हेही तसंच. प्रत्येकाचा हात यात वेगळा असतो, चालण्याची ढब वेगळी असावी तसा.

आधीच्या प्रणाली हे सगळं मोजून सोडून देत. वितान ५ त्याचा उपयोग करत होती. हात चुकण्याचा संभव दिसला की ती बटण थोडं मोठं करायची, शेजारचं बटण थोडं लांब सरकवायची, बाणाची वाकडी वाट सरळ करायची. पेनाने काढलेल्या रेषेतला थरकाप ती रेघ उमटण्याआधीच काढून टाकायची. हे सगळं इतकं हळूहळू व्हायचं की वापरणाऱ्याला यंत्र बदललं असं वाटत नसे. आज आपला हात चांगला चाललाय, असंच वाटे.

लेखासोबत द्यायला चित्रं हवी होती म्हणून ऋजुताने एका सकाळी स्वतःच्या स्क्रीनचं चित्र घेतलं. अभिराम भाजी आणायला बाहेर गेला होता. त्याच्याही स्क्रीनचं घेऊन ठेवावं म्हणून ती त्याच्या खुर्चीत बसली.

त्याच्या स्क्रीनवरची बटणं मोठी होती.

तिला आधी वाटलं, त्यानेच करून घेतली असतील. पण तिने दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तेव्हा फरक नुसता आकाराचा नव्हता. तिच्याकडे आठ बटणं ज्या जागेत बसत तिथे त्याच्याकडे पाच होती. तिच्या मेनूमधले शब्द बारीक आणि दाटीने लावलेले होते, त्याचे सुटे सुटे, लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखे. खिडकी बंद करायची खूण तिच्याकडे कडेला उमटायची, त्याच्याकडे जवळजवळ मध्यावर.

ती तिथेच बसून एक जुनं पत्र उघडून वाचायला लागली, दोन-चार ओळी टाइप केल्या, इकडे तिकडे बाण फिरवला. थोड्या वेळाने तिने वर पाहिलं. बटणं लहान झाली होती. मधल्या फटी भरल्या होत्या आणि आठही बटणं एका ओळीत येऊन बसली होती.

अभिराम परत आला, पिशवी ओट्यावर ठेवून टेबलाशी आला. "झालं तुझं? ऊठ."

तो बसला. ऋजुता त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. त्याने डिजिटल पेन उचललं, एक अक्षर उघडलं, बिंदू हलवायला लागला. आणि तिच्या डोळ्यांदेखत बटणं पुन्हा सुजल्यासारखी मोठी व्हायला लागली.

"बघ," अभिराम हसून म्हणाला, "ओळखतं मला."

ऋजुताने त्या दुपारी कंपनीत फोन लावला. तिथली तिची ओळख नाझनीन मुजावरशी होती. नाझनीन मूळची इस्लामपूरची, आता हैदराबादेत वितानच्या चमूची प्रमुख. ती कामाच्या बोलण्यातही मधूनच घरचं बोलायची. त्या दिवशी मात्र प्रश्न ऐकल्यावर तिने घरचं काहीच काढलं नाही.

"ताई, वितान कोणाला आजार आहे असं ठरवत नाही," ती म्हणाली. "तशी परवानगीच नाही आम्हाला. ती फक्त गरज बघते आणि भागवते."

"हे तुमच्या वकिलांचं वाक्य झालं."

"हो."

"मग तुझं सांग. माझ्या नवऱ्याची गरज का वाढतेय?"

नाझनीन खोलीबाहेर गेली असावी. मागचे आवाज थांबले. "चाचणी आवृत्तीत एक पान असतं, आमच्या लोकांसाठी. सावरण किती लागतंय त्याचा आलेख असतो त्यावर. बाजारातल्या आवृत्तीत तो नसेल. बघू नका असं मी म्हणेन. पण तुम्ही विचारलंत तर नाही म्हणणार नाही."

"कसं उघडायचं?"

नाझनीनने सांगितलं. मग म्हणाली, "ताई, असे आणखी काही आहेत. चाचणीतले. आलेख वर जाताना दिसतो आम्हाला. आम्ही काय करायचं सांगा. अनोळखी माणसाला फोन करून म्हणायचं, तुमचा हात कुठल्यातरी डॉक्टरला दाखवा? आणि आलेख बरोबर असला तर? आणि चूक असला तर?"

ऋजुताने आलेख पाहिला. तिची स्वतःची रेघ आडवी पडली होती, मधे एकदा ती तापाने फणफणली होती तिथे जराशी उंचावलेली. अभिरामची पहिल्या दिवसापासूनच तिच्याहून बरीच वर होती आणि सावकाश, न थांबता चढत होती.

तिने ते पान बंद केलं.

त्यानंतर ती त्याच्याकडे बघायला लागली. आधी बघत नव्हती असं नाही, पण आता नजर बदलली होती. शर्टाचं वरचं बटण लावताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आमराई बागेत दोघं फिरायला जायचे तेव्हा त्याचा डावा हात झुलायचा आणि उजवा अंगाला चिकटून राहायचा, जणू काखेत काही धरलंय. कुरिअरवाल्याच्या पाटीवर त्याने केलेली सही इतकी बारीक आली की त्या माणसाने पुन्हा करायला लावली. कप खाली ठेवला की हात मांडीवर घेऊन तो दुसऱ्या हाताने झाकायचा. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर किरकोळ होती. ऋजुता त्या मुद्दाम वेगवेगळ्या ठेवत होती.

सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. मग पुढे ढकललं. अक्षरं पुस्तक मंडळाला द्यायची मुदत जवळ आली होती. गेली काही वर्षं हे काम अडून अडून चाललं होतं आणि आता एकदम वेगाने पुरं होत होतं. तो खुशीत होता. काम करताना गुणगुणायचा, जे त्याने कित्येक दिवसांत केलं नव्हतं. एकदा काम हातावेगळं होऊ दे, मग बोलू, असं ती स्वतःला सांगायची. ते तिला पटायचंही.

"ये, बघ," एके दिवशी त्याने हाक मारली. "ळ झाला. गेले कितीतरी महिने छळत होता मला."

ऋजुता गेली. अक्षर स्क्रीनभर पसरलं होतं. दोन्ही गोलाया एकसारख्या, भरदार, कुठेही खोच नाही. तिला त्याचे जुने ळ आठवत होते. त्याची दुसरी गोलाई पहिलीपेक्षा किंचित आधी वळायची, घाईत असल्यासारखी. इतर लोक त्यावर टीका करायचे आणि तो म्हणायचा, असाच येतो माझा. हा ळ तसा नव्हता. तो कोणाचाही असू शकला असता.

"छान आलाय," ती म्हणाली.

"छान? अगं, असा हात मला तिशीत नव्हता."

परीक्षणाचा मसुदा तिच्या टेबलावर तसाच पडून होता. सावरणाच्या परिच्छेदापाशी ती रोज यायची आणि अडायची.

पुढच्या आठवड्यात पुस्तक मंडळाने कोल्हापुरात शिक्षकांची सभा ठेवली. नवी अक्षरं शाळेत कशी शिकवायची ते अभिरामने दाखवायचं होतं. तो सकाळी इस्त्रीचा कुर्ता घालून गेला आणि अपेक्षेपेक्षा बराच लवकर घरी आला. ऋजुता दार उघडायला गेली तेव्हा त्याच्या कुर्त्याच्या बाहीवर खडूचा मोठा डाग होता.

"लवकर संपलं?"

"मी लवकर निघालो."

पाणी पिऊन तो आत गेला आणि संगणक चालू करून बसला. ऋजुता दाराशी उभी राहिली. तो पेनाने भराभर अक्षरं काढत होता. क, ख, ग, एकाखाली एक, उगीच, कुठल्याही कामाची नसलेली. सगळी स्वच्छ येत होती.

"काय झालं तिथे?"

"फळ्यावर काढून दाखवा म्हणाले. साधी मागणी होती. मी क काढला, तो इतका लहान आला की मागच्यांना दिसेना. मोठा काढा, म्हणाले कोणीतरी. दुसरा काढायला गेलो तर खडू फळ्यावर टकटक टकटक वाजायला लागला. सगळ्यांना ऐकू येत होतं." त्याने बाहीवरचा डाग झटकला. "एक बाई उठल्या, पुढे आल्या, माझ्या हातातून खडू घेतला आणि म्हणाल्या, बसा सर, मी काढते. अगदी मायेने म्हणाल्या."

ऋजुता आत येऊन त्याच्या शेजारी बसली.

"मी गाडीत विचार करत आलो," तो पुढे म्हणाला. "तिथे काय झालं ते ऐकलंस ना? आता इथे बसलोय तर बघ. काही नाही." त्याने आणखी एक क काढला, डौलदार, भरघोस. "म्हणजे हाताला काही झालेलं नाही. लोकांसमोर उभं राहायची भीती आहे ही. वयाने येते म्हणतात. मी खरं तर वाटेत फार वाईट वाईट विचार करत होतो. घरी येऊन हे काढलं आणि जिवात जीव आला."

ऋजुताला वाटलं होतं की सांगायला आपण योग्य वेळ शोधतोय. ती वेळ इतके दिवस तिच्यासमोरून रोज जात होती हे तिला तेव्हा कळलं. तिने त्याच्या हाताजवळचा माऊस घेतला, नाझनीनने सांगितलेलं पान उघडलं आणि तिथूनच सावरण बंद केलं.

"आता काढ," ती म्हणाली.

"काय केलंस?"

"काढ तू. मग सांगते."

त्याने काढला. उभी रेघ मधेच सरकली. गोलाई वळायला गेली आणि पायऱ्या पायऱ्यांनी खाली आली. अक्षर आधीच्याच्या निम्म्याने होतं. त्याने ते पुसलं आणि पुन्हा काढलं. मग पुन्हा. चौथ्यांदा त्याने पेन ठेवून दिलं आणि उजवा हात डाव्या हाताखाली घेतला.

ऋजुताने सगळं सांगितलं. बटणं, फोन, आलेख. बाहेर शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या झोडपत होतं, तो आवाज मोठा वाटत होता.

"कधी कळलं तुला?" त्याने विचारलं.

"लेखासाठी चित्रं घेतली तेव्हा."

"म्हणजे ळ व्हायच्या आधी."

"हो."

"मी तुला बोलावलं. दाखवला. तू म्हणालीस छान आलाय."

"तू खूश होतास."

"त्या खोलीत खूश मी एकटाच होतो," अभिराम म्हणाला. आवाज चढला नव्हता. "यंत्राला माहीत, हैदराबादला माहीत, तुला माहीत. फक्त माझ्या हाताचं मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणि तुम्ही सगळे मिळून मला सांभाळून घेत होतात."

ती म्हणाली, "मिरजेला डॉक्टरांची वेळ घेते."

"मी घेईन," तो म्हणाला.

मिरजेच्या डॉक्टर शिराळकरांनी त्याला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मनगट धरून हळू हळू वाकवलं, कागदावर गोल चक्र काढायला लावलं. मग त्यांनी पार्किन्सन हा शब्द उच्चारला. मेंदूतल्या एका बारीक भागातल्या पेशी झिजतात, त्या जे रसायन बनवतात ते कमी पडतं, आणि हात ऐकेनासा होतो, असं त्यांनी समजावलं. औषधं चांगली आहेत, पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली. दिवसातले काही तास हात जवळजवळ पहिल्यासारखा चालेल. पुढचं कोणी सांगू शकत नाही.

"आम्हाला काही आठवडे आधी कळायला हवं होतं," ऋजुता म्हणाली. "माझ्यामुळे उशीर झाला."

"काही आठवड्यांनी औषधाच्या दृष्टीने फार फरक पडत नाही," डॉक्टर म्हणाले.

परत येताना गाडी ऋजुता चालवत होती. सांगली दिसायला लागली तेव्हा अभिराम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "औषधाच्या दृष्टीने."

त्याने संगणक आपल्या टेबलावरून उचलून मागच्या खोलीत नेला. त्याला परवलीचा शब्द घातला. आता ऋजुताला त्याची बटणं केवढी आहेत ते दिसत नव्हतं, आणि तोच त्याचा हेतू होता. ते एकत्र जेवत, एकमेकांशी नीट बोलत, औषधाच्या वेळा तो न चुकता पाळी. फक्त कुठल्याही गोष्टीला ती छान म्हणाली की तो क्षणभर तिच्याकडे बघत राहायचा.

परीक्षण तिला द्यायचंच होतं. नाझनीनचा फोन आला.

"सावरणाबद्दल लिहिणार आहात?"

"लिहावं लागेल."

"लिहा. पण ताई, एक विचार करा. आत्ता कोणाला माहीत नाही की बटणांच्या आकारावरून माणूस कळतो. तुम्ही लिहिलंत की सगळ्यांना कळेल. घरच्यांना कळेल ते चांगलंच. साहेबांनाही कळेल, विमावाल्यांनाही कळेल. कोणाच्याही मागे जाऊन उभं राहिलं की झालं."

"आणि नाही लिहिलं तर लाखो लोक आपला हात चांगला आहे असं समजत राहतील."

"हो," नाझनीन म्हणाली. "आम्ही चमूत यावर रोज भांडतोय. मला अजून उत्तर सापडलेलं नाही."

ऋजुताने अभिरामला विचारलं. तो म्हणाला, "माझं नाव नको, माझी अक्षरं नकोत. बाकी जे खरं आहे ते लिही. तुला खरं लिहायला माझी परवानगी लागू नये."

तिने लिहिलं. मऊ कडांबद्दल, वाटेवर उमटणाऱ्या मेनूंबद्दल, आणि मग सावरणाबद्दल. ही प्रणाली तुमच्या हाताची काळजी घेते, पण तुम्हाला न विचारता आणि न सांगता, असं तिने लिहिलं. सावरण किती लागतंय ते पहिल्यांदा त्या माणसाला कळलं पाहिजे, आणि सगळ्यांचा स्क्रीन वरून एकसारखाच दिसला पाहिजे, अशी मागणी केली. लेख खूप वाचला गेला. कंपनीने बाजारात आणलेल्या आवृत्तीत आलेखाचं पान सगळ्यांसाठी खुलं केलं. बटणांचा आकार मात्र बदलता ठेवला. तो लोकांना फार आवडला होता.

मग पत्रं यायला लागली. नगरच्या एका मुलाने आईला वेळेवर डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने आभार मानले. अशी आणखीही आली. आणि जालन्याहून एक आलं. वर्षा घोडके नावाच्या, एका पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईंचं. त्यांच्या व्यवस्थापकाने ऋजुताचा लेख वाचला होता. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या टेबलांमागून सावकाश फिरला. वर्षाबाईंची बटणं मोठी निघाली. त्यांना लहानपणापासूनच हाताचा थोडा कंप होता, आजार कसलाच नव्हता. त्यांना काउंटरवरून काढून मागे कागद लावायला बसवलं होतं. पत्रात शिवीगाळ नव्हती. त्यांनी फक्त विचारलं होतं की तुम्ही लिहिताना माझ्यासारख्यांचा विचार केला होता का.

ऋजुताने त्यांना फोन केला. विचार केला होता, असं सांगितलं, आणि तरी लिहिलं, असंही सांगितलं. मग वर्षाबाई म्हणाल्या, "मग त्यांनाही एकदा फोन करून हे सांगा, आमच्या साहेबांना." ऋजुताने नंबर घेतला आणि फोन केला. साहेबांनी ऐकून घेतलं, बघतो म्हणाले. पुढे त्यांनी काही बघितलं की नाही ते तिला कळलं नाही. पत्राची गोष्ट तिने जेवताना अभिरामला सांगितली, काही न गाळता. तो ऐकत होता. जेवण झाल्यावर त्याने तिचंही ताट उचललं.

मंडळाने अक्षरांची मुदत वाढवून दिली होती. अभिराम सकाळची गोळी लागू पडली की बसायचा आणि हात जड व्हायला लागला की उठायचा. किती झालं, कसं झालं, काही सांगत नसे. ऋजुताही विचारत नसे. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

एका दुपारी मागच्या खोलीचं दार उघडलं. "जरा येतेस?"

ती कित्येक महिन्यांनी त्या खोलीत गेली. स्क्रीनवर एकच अक्षर होतं, ज्ञ, कडेपासून कडेपर्यंत. बाकी सगळं त्याने झाकून टाकलं होतं. एकही बटण दिसत नव्हतं.

"शेवटचं आहे," तो म्हणाला. "बघून सांग."

ऋजुता खुर्ची ओढून बसली. अक्षर सुंदर होतं. गाठ घट्ट बसली होती, खालची शेपटी एका दमात ओढलेली, डोळा कुठेच अडकत नव्हता. ती त्याच्याकडे वळली. तो स्क्रीनकडे न बघता तिच्याकडे बघत होता. महिनोन् महिने इतकं काम करून तो थकला होता, आणि हे एक अक्षर गेलं की सुटणार होता. तिने पुन्हा अक्षराकडे पाहिलं, जितका वेळ लागला तितका.

"हा तुझा नाही," ती म्हणाली.

अभिरामने होकारार्थी मान हलवली. "बाकीची सगळी सावरण बंद ठेवून काढली. आज सकाळपासून हात चालत नव्हता. म्हटलं एकदाच चालू करावं. एवढ्याने कोणाला कळतंय."

"मंडळाला नाही कळणार."

"नाही."

त्याने पेन उचललं. हात थरथरत होता, तो त्याने लपवला नाही. ज्ञ पुसायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"बस इथेच," तो म्हणाला, आणि रिकाम्या स्क्रीनवर उभी रेघ काढायला सुरुवात केली.